वहीतला आकडा

अम्मा हजला गेली ती २००४ साली. त्याआधी जिल्ह्याच्या गावी यात्रेकरूंसाठी लस टोचण्याचं शिबिर होतं, तिथं मी तिला घेऊन गेलो होतो. रांगेत बहुतेक सगळी साठीच्या पुढची माणसं. कुणाच्या हातात तसबीह, कुणाच्या हातात फॉर्म. अम्माचा नंबर आला तेव्हा तिनं नर्सबाईंना विचारलं, ‘‘ये सुई कायकी जी?’’ नर्सबाईंना आमची दखनी कळत असावी. म्हणाल्या, ‘‘आजी, मेंदूच्या तापाची आहे. तिकडं गर्दी असते ना, म्हणून.’’ अम्मानं मुकाट हात पुढं केला. सुई टोचून झाली तरी ती खुर्चीवरून उठेना. थोड्या वेळानं हळूच म्हणाली, ‘‘ये सुई उस टैम पे थी क्या?’’

‘उस टैम’ म्हणजे केव्हा, हे नर्सबाईंना कळणं शक्य नव्हतं. मला कळलं. माझी थोरली बहीण, आमची आपा, दुसरीत असताना तापानं फणफणली. मी तेव्हा पाळण्यात होतो, त्यामुळं हे सगळं ऐकीव. मान ताठ झाली, उजेड सोसवेना, उलट्या थांबेनात. कुणी म्हणालं नजर लागली, कुणी ताईत आणून बांधला. तिसऱ्या दिवशी बैलगाडीतून तिला तालुक्याच्या डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी इंजेक्शनं दिली आणि आपा जगली. पण घरी आल्यावर एकदा तिच्या मागं पितळी तपेलं दणदिशी पडलं आणि तिनं वळून पाहिलं नाही, तेव्हा अम्माला कळलं की पोरीचे कान गेले.

तो ताप नेमका कशाचा, कुठल्या जंतूचा, हे आजतागायत आम्हाला ठाऊक नाही. त्याचा कागद नाही, कुठल्या वहीत नोंद नाही. अम्माचा प्रश्न मात्र माझ्या डोक्यात राहिला. मी कविता लिहिणारा माणूस, डॉक्टर नव्हे. पण पुढं जमेल तसं या तापाविषयी वाचत गेलो आणि वाचता वाचता आफ्रिकेत पोहोचलो. तिथून परत आलो तो थेट पुण्यात. आजचं बोलणं त्या प्रवासाचं आहे.

आपल्याकडं मेंदूज्वर हा शब्द दोन-तीन वेगवेगळ्या आजारांसाठी वापरतात. मी ज्याविषयी बोलतो आहे तो मेनिंजायटिस, म्हणजे मेंदूच्या आणि मज्जारज्जूच्या आवरणाला येणारी सूज. ती अनेक जंतूंमुळं येते, पण गावंच्या गावं वेठीला धरणारी साथ बहुधा एकाच जंतूची असते. त्याचं नाव मेनिंगोकोकस. १८०५ साली स्वित्झर्लंडमधल्या जिनिव्हा शहरात ही साथ आली, तेव्हा गास्पार व्ह्यूसो या डॉक्टरनं तिचं पहिलं नीट वर्णन करून ठेवलं. जंतू सापडायला आणखी ८२ वर्षं गेली. व्हिएन्नाच्या आन्टोन वाइक्सेलबाउम यांनी १८८७ मध्ये तो शोधला.

या जंतूचं वागणं विचित्र आहे. तो कितीतरी धडधाकट माणसांच्या घशात महिनोन् महिने गुपचूप राहतो आणि त्यांना काही होत नाही. खोकल्यातून, शिंकेतून, एका ताटात जेवण्यातून, एका खोलीत दाटीनं झोपण्यातून तो दुसऱ्याच्या घशात जातो. हजारांतल्या एखाद्याच्या घशातून तो रक्तात उतरतो आणि मेंदूच्या आवरणाशी पोहोचतो. मग तासांचा हिशेब सुरू होतो. औषध मिळालं नाही तर निम्म्याच्या आसपास रुग्ण दगावतात. वेळेवर मिळालं तरी दहांतला एक जातो. जे वाचतात त्यांतल्या काहींचे कान जातात, काहींना फिट्स येऊ लागतात, काहींचे हात-पाय अधू होतात.

आता आफ्रिकेचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. पश्चिमेला सेनेगल, पूर्वेला इथिओपिया. वर सहारा वाळवंट, खाली घनदाट जंगल. या दोहोंच्या मधून देशांचा एक आडवा पट्टा जातो. लापेसोनी नावाच्या फ्रेंच लष्करी डॉक्टरनं १९६३ मध्ये दाखवून दिलं की मेनिंजायटिसच्या मोठ्या साथी पुन्हा पुन्हा इथंच येतात. वर्षाला साधारण ३०० ते ११०० मिलिमीटर पाऊस पडणारा हा मुलूख. लापेसोनींनी त्याला ‘मेनिंजायटिसचा पट्टा’ म्हटलं आणि तेच नाव रूढ झालं. आज या पट्ट्यात २६ देश धरले जातात.

तिथं डिसेंबरपासून हरमॅटन नावाचा वारा सुटतो. सहाराची बारीक धूळ घेऊन तो खाली येतो. हवा कोरडी ठणठणीत होते, ओठ फुटतात, घसे सोलवटतात. रात्री गारठा, म्हणून माणसं दारं लावून एका खोलीत झोपतात. सोलवटलेल्या घशातून जंतूला आत जायला वाट मिळते, असं जाणकार सांगतात. साथ फेब्रुवारी-मार्चमध्ये चढते, एप्रिलमध्ये टोकाला जाते आणि पहिला पाऊस पडला की ओसरते. हौसा भाषेत या आजाराला ‘सांकराऊ’ म्हणतात. तिथल्या आयांना तो शब्द उच्चारायला कुठलं पुस्तक लागत नाही. आपल्याकडं एके काळी ‘पटकी’ हा शब्द जसा होता, तसा तिकडं हा.

मग अम्माच्या दंडावरची सुई आणि हा पट्टा यांचा संबंध काय? तो १९८७ च्या हजमध्ये आहे. त्या वर्षी मक्केत जमलेल्या यात्रेकरूंमध्ये मेनिंगोकोकसच्या ‘ए’ प्रकाराची साथ आली. लाखो माणसं एका मैदानात, एकाच वेळी, खांद्याला खांदा लावून. जंतूला याहून सोयीचं काय हवं? यात्रेकरू आपापल्या देशी परतले आणि तोच वाण पुढं सुदान, चाड, इथिओपियातल्या साथींमध्ये सापडला. सुदानमध्ये १९८८ साली ३० हजारांहून अधिक रुग्ण झाले. त्यानंतर सौदी सरकारनं यात्रेकरूंना ही लस सक्तीची केली.

पण जंतू एका अक्षरावर थांबत नाही. त्याचे बारा प्रकार आहेत; माणसाला मुख्यतः छळणारे सहा : ए, बी, सी, डब्ल्यू, एक्स आणि वाय. यात्रेकरू टोचून घेत ती लस बहुधा ‘ए’ आणि ‘सी’ची असे. २००० सालच्या हजमध्ये ‘डब्ल्यू’ आला. त्या वर्षी जगभरात जे रुग्ण सापडले त्यांत एक गोष्ट ठळक होती : आजारी पडलेल्यांमध्ये स्वतः हजला न गेलेली माणसंही होती. हाजी ठणठणीत घरी आला, त्यानं पोराबाळांना जवळ घेतलं, त्याच्या घशातला जंतू घरातल्या कुणाला तरी लागला. दोनच वर्षांनी बुर्किना फासो या देशात ‘डब्ल्यू’ची साथ आली. सुमारे १३ हजार रुग्ण, दीड हजार मृत्यू. २००२ पासून हजसाठी चार प्रकारांवरची लस आवश्यक झाली. अम्माला टोचली ती हीच.

या सगळ्यांत भयंकर साथ मात्र १९९६-९७ ची. दोन हंगामांत या पट्ट्यात अडीच लाखांवर माणसं आजारी पडली आणि २५ हजार दगावली. उत्तर नायजेरियातल्या कानो शहरातल्या इस्पितळात खाटा संपल्या, मग जमीन संपली, मग लोक अंगणात झाडाखाली रुग्ण घेऊन बसले. लस होती, नव्हती असं नाही. शर्करावेष्टनापासून बनवलेली लस १९६० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकी लष्कराच्या संशोधकांनी तयार केली होती. म्हणजे अम्माच्या प्रश्नाचं उत्तर ‘होती’ असंच द्यावं लागतं. जगात कुठं तरी होती. आमच्या गावापर्यंत आलेली नव्हती आणि कानोपर्यंत वेळेवर पोहोचत नव्हती.

या जुन्या लसीत उणिवाही होत्या. दोन वर्षांखालच्या बाळांना तिचा फारसा उपयोग नाही. मोठ्यांनाही तीनेक वर्षंच पुरायची. आणि घशात दडलेला जंतू ती हलवत नसे. त्यामुळं ती आधीपासून सगळ्यांना देऊन ठेवण्यात अर्थ नव्हता. साथ आली की धावत जाऊन टोचायची, हाच मार्ग. म्हणजे आग लागल्यावर बंब. आणि बंब वेळेवर हवा असेल तर आग लागल्याचं कळायला हवं.

इथून खरी गोष्ट सुरू होते, आणि ती मोजणीची आहे.

१९९७ च्या जानेवारीत जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ, रेड क्रॉसचा आंतरराष्ट्रीय महासंघ आणि ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ यांनी मिळून लसीचा आणीबाणीचा साठा सांभाळणारा एक गट उभा केला. साठा मर्यादित, मागणारे अनेक. मग द्यायचं कुणाला? जो जिल्हा आकडा दाखवील त्याला. तो आकडा कोणता, याचे नियम २००० साली ठरले. हिशेब साधा आहे. एक लाख वस्तीचा जिल्हा धरा. एका आठवड्यात पाच रुग्ण झाले तर तो इशारा. तिथं माणूस पाठवायचा, तपासण्या वाढवायच्या, औषध हाताशी ठेवायचं. आठवड्यात पंधरा झाले तर ती साथ. जिथं बरीच वर्षं साथ आली नाही आणि लोकांना लस मिळालेली नाही, तिथं दहालाच साथ समजायची. साथ ठरली की लसीची मोहीम. २०१४ मध्ये हे आकडे आणखी खाली आणले : इशारा तीनला, साथ दहाला.

कागदावर हे दोन ओळींत मावतं. पण हा आकडा तयार होतो कुठं? एखाद्या गावातल्या एक-दोन खोल्यांच्या दवाखान्यात. आई तापलेलं पोर घेऊन येते. तिथला आरोग्यसेवक पोराची मान वाकते का पाहतो. वाकत नसेल तर पोराला कुशीवर निजवून, गुडघे पोटाशी घेऊन, पाठीच्या मणक्यांमधून सुईनं थोडं पाणी काढायचं. ते निवळशंख असेल तर बरं. तांदळाच्या धुवणासारखं गढूळ आलं तर घात. ते कुपीत भरून, उन्हापासून जपून, खराब रस्त्यांवरून प्रयोगशाळेत पोहोचवायचं, कारण प्रकार ‘ए’ आहे की ‘डब्ल्यू’ की ‘सी’ हे कळल्याशिवाय कुठली लस मागवायची ते ठरत नाही. आणि संध्याकाळी वहीत लिहायचं : नाव, वय, गाव, तारीख, लस टोचली होती का, पुढं काय झालं. आठवडा संपला की बेरीज करून जिल्ह्याला कळवायची.

यातला एक नियम मला फार आवडतो. ज्या आठवड्यात एकही रुग्ण नसेल त्या आठवड्यातही कळवायचं. शून्य लिहायचं आणि पाठवायचं. कारण काहीच आलं नाही तर वरच्याला कळत नाही की गाव सुखरूप आहे की वही लिहिणारा माणूसच अंथरुणाला खिळला आहे. शून्य आणि काहीच नाही, यात फरक आहे. आम्ही कवी लोक शांततेचं फार कौतुक करतो. पण शांततेचेही दोन प्रकार असतात, हे मला त्या आरोग्यसेवकाच्या वहीनं शिकवलं. आपाच्या तापाची शांतता दुसऱ्या प्रकारातली होती.

मात्र ही वही लोकांच्या भरवशावर भरते. आई पोराला घेऊन आलीच नाही तर आरोग्यसेवक काय लिहिणार?

आपल्याला हे बाहेरून शिकायला नको. १८९७ च्या प्लेगात पुण्यात रँडच्या हुकमानं सोल्जर घराघरांत शिरले. देवघरं, स्वयंपाकघरं धुंडाळली, बायामाणसांची आब ठेवली नाही, सामान रस्त्यावर काढून जाळलं. हेतू रोगी शोधण्याचा होता. झालं उलटं. लोक आजाऱ्याला माळ्यावर, कोठीत लपवू लागले, मयत झाली तरी सांगेनात. २२ जूनला चाफेकरांनी रँडवर गोळ्या झाडल्या, तो इतिहास आपण शाळेत शिकतो. साथीच्या अंगानं पाहिलं तर त्या वर्षीचा धडा एवढाच की भ्यायलेला समाज आजारी लपवतो, आणि लपवलेला आजारी मोजता येत नाही.

कानोमध्येही असं एक प्रकरण घडलं. १९९६ च्या त्या धामधुमीत फायझर या औषध कंपनीच्या लोकांनी तिथल्या सुमारे दोनशे मुलांवर चाचणी केली. निम्म्यांना ट्रोव्हॅन हे नवं औषध, निम्म्यांना आधीचं. अकरा मुलं दगावली. मृत्यू आजारानं झाले, औषधानं नव्हे, असं कंपनीचं म्हणणं होतं. पण आई-बापांना ही चाचणी आहे हे नीट सांगितलं होतं का, हा प्रश्न उरला. खटले झाले. २००९ मध्ये कंपनीनं कानो राज्याशी साडेसात कोटी डॉलरची तडजोड केली. दरम्यान २००३ मध्ये कानोनं पोलिओची लस बंद पाडली होती. त्यामागं राजकारण होतं, अफवा होत्या, आणि १९९६ ची आठवणही होती. २००४ मध्ये लसीकरण पुन्हा सुरू होईपर्यंत तिथला पोलिओ शेजारच्या देशांत पोहोचला होता. विश्वास एका तापाच्या वेळी मोडला, त्याची किंमत दुसऱ्या रोगात मोजावी लागली.

माझ्या समाजातल्या एका सवयीविषयीही इथं बोललं पाहिजे. २०१६ च्या डिसेंबरात नायजेरियात ‘सी’ प्रकाराची साथ सुरू झाली. सर्वाधिक झळ झाम्फारा राज्याला बसली. साथ ध्यानात यायला उशीर झाला. साडेचौदा हजार संशयित रुग्ण आणि साडेअकराशेहून जास्त मृत्यू. तिथले गव्हर्नर म्हणाले की ही लोकांच्या पापांची शिक्षा आहे. त्यावर कानोचे अमीर मुहम्मदु सनुसी, जे स्वतः मोठे धर्मपंडित, त्यांनी त्यांना जाहीर सुनावलं. हे बोलणं इस्लामला धरून नाही. लस नसेल तर नाही म्हणा आणि शोधायला लागा, असा त्यांचा आशय होता. मला ते वाचून हजरत उमर आठवले. सातव्या शतकात ते शामकडं निघाले होते. वाटेत कळलं की तिथं प्लेग आहे. ते माघारी फिरले. कुणी विचारलं, अल्लाच्या मर्जीपासून पळता? त्यांच्या उत्तराचा भावार्थ असा की, मी त्याच्या एका मर्जीकडून त्याच्याच दुसऱ्या मर्जीकडं जातो आहे. आपाला ताईत बांधला गेला आणि तीन दिवस गेले. ताईत बांधणाऱ्यांचं प्रेम खोटं नव्हतं. पण ते तीन दिवस गेले ते गेलेच.

आता पुण्याची गोष्ट. १९९६-९७ च्या साथीनंतर आफ्रिकेतल्या देशांच्या आरोग्य अधिकाऱ्यांनी मागणी केली की आम्हाला बंब नको, आगच लागू नये असं काहीतरी द्या. आणि किंमत आम्हाला परवडेल अशी, एका डोसला अर्ध्या डॉलरच्या आत. २००१ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि ‘पाथ’ या संस्थेनं मिळून मेनिंजायटिस लस प्रकल्प सुरू केला. गेट्स फाउंडेशननं सात कोटी डॉलर दिले, डॉ. मार्क लाफोर्स प्रमुख झाले. बड्या कंपन्यांशी त्या किमतीत बोलणी जमली नाहीत. शेवटी काम आलं ते पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडं.

या लसीचं तंत्र थोडक्यात सांगतो. जंतूच्या अंगावर साखरेसारखं एक वेष्टन असतं. जुनी लस तेवढ्या वेष्टनाची होती. बाळाच्या शरीराला ते ओळखता येत नाही आणि मोठ्यांचं शरीरही ते लवकर विसरतं. पण तेच वेष्टन एखाद्या प्रथिनाला जोडून दिलं तर शरीर दोन्ही मिळून ध्यानात ठेवतं, आणि दीर्घकाळ ठेवतं. जोडण्याची कृती अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या प्रयोगशाळेतून आली. ‘ए’चं वेष्टन सुरुवातीला ॲमस्टरडॅमहून आलं. धनुर्वाताचं प्रथिन पुण्यात तयार होतच होतं. तिन्ही गोष्टी पुण्यात एकत्र आल्या. २००६ पासून माली आणि गांबियात मुलांवर चाचण्या झाल्या. २००९ च्या डिसेंबरात भारतात परवाना मिळाला, २०१० च्या जूनमध्ये जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता. लसीचं नाव मेनआफ्रिव्हॅक. किंमत ४० सेंट, म्हणजे तेव्हाच्या हिशेबानं वीस रुपयांच्या आत.

६ डिसेंबर २०१० रोजी बुर्किना फासोची राजधानी वागाडुगू इथं मोहिमेला सुरुवात झाली. हरमॅटन सुटायच्या सुमाराला. एक ते २९ वर्षं वयाच्या सगळ्यांना टोचायचं होतं, कारण जंतू घशात बाळगून फिरणारी माणसं याच वयात जास्त. दहाएक दिवसांत एक कोटी दहा लाखांवर लोकांना लस मिळाली. शाळांत, बाजारात, मशिदीसमोर, चर्चच्या आवारात, झाडाखाली.

ज्या मुलखात विजेचा भरवसा नाही तिथं लस थंड ठेवणं हीच मोठी अडचण असते. २०१२ मध्ये या लसीबाबत नवा निर्णय झाला : शेवटच्या टप्प्यात चार दिवसांपर्यंत ती ४० अंशांपर्यंतच्या उष्णतेत नेली तरी चालेल. त्याच वर्षी बेनिनमध्ये बर्फाशिवाय लस घेऊन माणसं वस्त्या-वस्त्यांवर गेली. बर्फाचा डबा वाहून खांदे मोडलेल्या माणसालाच या निर्णयाचं मोल कळेल.

आणि लस लागू पडते आहे हे कशावरून? पुन्हा वहीवरूनच. २०११ च्या अखेरीस चाडमध्ये राजधानीच्या आसपासच्या भागात १८ लाख लोकांना लस दिली गेली. उरलेल्या देशाची पाळी यायची होती. २०१२ चा हंगाम मधे आला. लस मिळालेल्या भागात लाखामागं अडीच रुग्ण, न मिळालेल्या भागात लाखामागं जवळजवळ ४४. घशांची तपासणी केली तर तिथला ‘ए’ जंतूही जवळपास नाहीसा झालेला. म्हणजे ज्यांनी टोचून घेतलं नाही त्यांनाही शेजाऱ्यांच्या दंडावरच्या सुईचा आधार मिळत होता. २००० सालच्या हाजींच्या लसीला जे जमलं नव्हतं, ते हिला जमलं. पुढच्या काही वर्षांत पट्ट्यातल्या २४ देशांत ३० कोटींहून अधिक लोकांना ही लस मिळाली. २०१७ नंतर त्या पट्ट्यात ‘ए’ प्रकाराचा एकही पक्का रुग्ण आढळलेला नाही. जिथं एका हंगामात हजारो माणसं जात होती तिथं शून्य. तेच शून्य, दर आठवड्याला मोजून लिहिलेलं.

गोष्ट इथं संपली असती तर बरं वाटलं असतं. पण ‘ए’ गेला तरी बाकीची अक्षरं होतीच. २०१५ मध्ये नायजर देशात ‘सी’ची साथ आली, साडेआठ हजार रुग्ण झाले. नायजेरियाचं २०१७ मघाशी सांगितलं. वही चालू होती म्हणून कळलं की आता शत्रूचं नाव बदललं आहे. मग पुण्यातच पाच प्रकारांवरची एक लस तयार झाली : ए, सी, डब्ल्यू, वाय आणि एक्स. जुलै २०२३ मध्ये तिला जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता मिळाली आणि मार्च २०२४ मध्ये नायजेरियानं ती पहिल्यांदा वापरली. जगातल्या देशांनी २०२० मध्ये ठराव करून २०३० पर्यंत मेनिंजायटिसच्या साथी संपवायचं ठरवलं आहे.

हे वाचताना पुण्याचा अभिमान वाटतो, नाही असं नाही. पण लस तयार झाली म्हणून काम झालं असं मानणं ही आपली जुनी खोड आहे. कुपी पुण्यातून निघते ती एखाद्या धुळीच्या गावातल्या आईच्या विश्वासापर्यंत पोहोचावी लागते. तिथला आरोग्यसेवक पगार वेळेवर न मिळताही आठवड्याची बेरीज करतो, गढूळ पाण्याची कुपी सायकलच्या कॅरिअरला बांधून पाठवतो, त्याच्या जिवावर हे सगळं उभं आहे. आणि आपल्याकडं काय? दिल्लीत १९६६, १९८५ आणि २००५ मध्ये याच जंतूच्या साथी येऊन गेल्या. आपल्या गावातल्या दवाखान्यात तापानं आलेल्या पोराची मान कुणी वाकवून पाहतं का, ते एकदा विचारून पाहायला हरकत नाही.

अम्मा आता नाही. तिच्या पासपोर्टात ते लसीकरणाचं कार्ड अजून आहे. त्यावर तिचं नाव, तारीख, लसीचा बॅच नंबर आणि नर्सबाईंची सही. आमच्या घरातल्या तापाची ही एकमेव लेखी नोंद, आणि तीही न आलेल्या तापाची.

आपा अजून शिलाई मशीनवर बसते. दुसरीपर्यंत शिकलेली अक्षरं तिनं सोडली नाहीत; पेपर रोज वाचते, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत. रेडिओवर मी हे बोललो तेव्हा शेजारचे सगळे आमच्या घरी येऊन बसले होते. आपा त्यांच्या चेहऱ्यांकडं बघत होती. मग तिनं मला खुणेनं विचारलं, काय सांगितलंस? मी म्हटलं, रविवारी छापून येईल, तेव्हा वाच.